सूर लागला, मग अजून काय करताय?

तुम्ही विचारलंत म्हणून. मी पियानो ट्यून करतो. एरवी सूर लावायचा लिव्हर पिशवीत टाकतो आणि निघतो. "सूर तर लागला, मग तास-दोन तास तारा कसल्या ओढत बसता?" गिरगावपासून बोरिवलीपर्यंत हेच ऐकतोय. 'बिल वाढवायला?' एवढं फक्त कोणी तोंडावर म्हणत नाही.

मधल्या आणि वरच्या पट्टीत एका स्वराला तीन तारा असतात. तिन्ही अगदी सुरात असल्या, तरी त्यातली एक उंचीला केसभर वर असेल, तर ग्रँड पियानोत खालून येणारा हॅमर, म्हणजे तारांवर आदळणारी हातोडी, बाकीच्या दोघींना आधी लागतो. ऐकायचंय? उजवा पेडल दाबून डँपर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या, उचला, हॅमर हलकेच तारांना टेकवून धरा आणि नखानं एकेक तार छेडा. टेकलेली तार ठप्प वाजते. जी घुमते, तिच्यापर्यंत हॅमर पोचलेलाच नसतो. मग खालच्या दोघींना छोट्या हुकानं जरा वर ओढून तिघींची उंची सारखी, म्हणजे समतल, करायची. ओढलं की सूर उतरतो, म्हणजे पुन्हा लावा. वेळ जातो तो इथे. हॅमरचं लोकरीचं फेल्ट घासणं, सुया टोचून आवाज मऊ करणं, हे सगळं त्यानंतर. आधी केलंत तर वाकड्या तारांच्या मापानं फेल्ट घासलं जातं.

दादरला एक बाई पियानो शिकवायच्या. त्यांच्या जुन्या ग्रँडच्या तारा मी दिवसभर बसून समतल केल्या. संध्याकाळी त्यांनी मधल्या सप्तकात एक स्वर दाबला आणि बोट तसंच ठेवलं. स्वर पार विरेपर्यंत काही बोलल्या नाहीत. पुन्हा दाबला. मग म्हणाल्या, "स्वच्छ झालाय हो. पण रेंगाळत नाही पूर्वीसारखा." मी म्हटलं, "बाई, इतकी वर्षं तुम्ही खोटच ऐकत होतात." त्यांनी झाकण लावलं, ठरलेले पैसे दिले, चहाचं विचारलं नाही. पुढचं ट्यूनिंग दुसऱ्यानं केलं.

तेव्हाचा मी अजूनही भांडतो माझ्याशी: समतल म्हणजे समतल, त्यात आवडनिवड कसली? त्याचं चूक आहे असंही नाही. पण गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञानं १९७७ साली दाखवलं, की तिन्ही तारा एकदिलानं हलल्या तर ऊर्जा घोडीवरून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) साउंडबोर्डात, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीत, भराभर जाते. आवाज भरदार येतो, पण लवकर ओसरतो. तारा समतल नसल्यानं मार थोडा कमीजास्त पडला, तर त्या एकमेकींच्या उलटही हलतात, ऊर्जा तारांतच अडकते आणि मागची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, लांबते. म्हणजे बाईंचा कान खरा होता? असेल. पण प्रत्येक स्वराला वेगळी आस असलेला पियानो वाजवायला घ्या, मग बोला.

आता काम सुरू करण्याआधी मालकांना दोन मिनिटं वाजवायला सांगतो आणि काय आवडतं ते विचारतो. बहुतेक जण म्हणतात, "तुम्हीच बघा." मग मी समतल करतो. आणि हो, त्याचे पैसे वेगळे पडतात.