करड्या ओळी

दुपारी ऑफिसमधला अथर्व सहज बोलून गेला, "ताई, कॉमेंट मी वाचतच नाही गं. त्या करड्या असतात ना, मग नजर आपोआप पुढे जाते." एवढं बोलून तो चहा आणायला गेला. कॉमेंट म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा. संगणक त्या सोडून देतो आणि कोड लिहायचा एडिटर त्या पुसट रंगात दाखवतो. रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तरी संध्याकाळपासून डोक्यात तेच घोळतंय.

बँकेचे व्यवहार नोंदवणाऱ्या एका फंक्शनवर, म्हणजे कोडच्या एका तुकड्यावर, मी कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं होतं: रक्कम पैशांत येते, रुपयांत नाही. बँकेकडून एकच व्यवहार दोनदा येऊ शकतो, म्हणून आधी व्यवहार क्रमांक तपासायचा. नुसत्या कोडवरून हे कुणाला कळणार? काय चाललंय ते कोड वाचून समजतं, पण ते तसंच का करावं लागलं, हे सांगायला कॉमेंटशिवाय जागा कुठे आहे? आणि नेमकी तीच जागा पुसट. म्हणजे मी लिहायच्या आधीच ठरलेलं असतं की हे वाचलं नाही तरी चालेल. लागलं मला ते. सध्या ऑफिसात जे चाललंय त्यामुळे जरा जास्तच लागलं असेल. जाऊ दे.

जेवणं उरकल्यावर लॅपटॉप घेऊन रंग मोजायला बसले. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून डब्ल्यूसीएजीचे जे निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो. मोनोकाई आणि ड्रॅक्युला या एडिटरच्या दोन्ही लोकप्रिय थीममध्ये, म्हणजे तयार रंगसंगतींमध्ये, कॉमेंटचा कॉन्ट्रास्ट जेमतेम ३ भरतो. गडद सोलराइज्ड या थीममध्ये तर २.८. सोलराइज्डबद्दल मला मनापासून आदर आहे. ईथन स्कूनओव्हरनं २०११ मध्ये ती आणली, तेव्हा सोळा रंग आवडीनिवडीवर निवडलेले नव्हते. सीआयईलॅब या डोळ्यांना दिसणाऱ्या फरकावर बेतलेल्या रंगमापन पद्धतीत त्यांचा उजळपणा एकमेकांशी जुळवलेला होता, पार्श्वभूमी गडद असो की फिकी, तोल तोच राहावा म्हणून. इतक्या बारकाईनं काम करणाऱ्यानंही कॉमेंट मागेच ठेवल्या. निष्काळजीपणा असता तर सोडून दिलं असतं. हे विचारपूर्वक केलेलं आहे, म्हणून जास्त खुपतं.

मग बाबांच्या दुकानाच्या बिलिंगचा कोड उघडला. त्यातल्या कॉमेंट मी मराठीतच लिहिते. 'पूर्वीची थकबाकी वगळून' ही ओळ झूम करून पाहिली, तर काने कललेले, वेलांट्या चिकटलेल्या आणि 'र्वी'वरचा रफार पुढच्या 'ची'वर झुकलेला. बऱ्याच थीम कॉमेंट इटॅलिकमध्ये दाखवतात. देवनागरीच्या बहुतेक फाँटांना मात्र वेगळं घडवलेलं इटॅलिक नसतंच, मग सरळ अक्षरच तिरकं करून दाखवलं जातं. आधीच पुसट, त्यात तिरकं. बाबांचा फोन आज राहिलाच.

व्हीएस कोड या माझ्या एडिटरच्या सेटिंग्जमध्ये कॉमेंटचं इटॅलिक काढलं आणि करड्याच्या जागी वाळूसारखा उबदार रंग दिला. कॉन्ट्रास्ट ७च्या वर गेला. ओळी स्वच्छ दिसायला लागल्या, पण बाकीचा पडदा अंगावर आला. जांभळे कीवर्ड (भाषेचे ठरलेले शब्द), हिरव्या स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर), नारिंगी आकडे, निळी फंक्शन्स, त्यात माझी वाळू. कुठे बघावं तेच कळेना. तेव्हा उलट दिशेनं निघाले. 'इफ', 'रिटर्न' हे कीवर्ड डोळ्यांच्या इतके ओळखीचे आहेत की त्यांना भडक रंगाची गरजच नाही. त्यांचा जांभळा उतरवला. कंस, स्वल्पविराम, अर्धविराम आणखी मागे नेले. फंक्शनला बाहेरून आलेले पॅरामीटर आणि आतले व्हेरिएबल (किमती साठवणारी नावं) आजवर एकाच रंगात होते, ते वेगळे केले. या एका बदलानं कोड जितका वाचनीय झाला तितका बाकी कशानंही झाला नाही.

हे करता करता मनातली चिडचिडही उतरत गेली. काहीतरी मागे ठेवावंच लागतं. दुसऱ्या कुणाची फाइल उघडली की वर लायसन्सचा लांबलचक मजकूर असतो, तोही कॉमेंटमध्येच. तो मी तरी कुठे वाचते? त्याखाली कुणीतरी बंद करून ठेवलेला जुना कोड, तोही करडा. अथर्वच्या नजरेला सवय लागली ती अशा गोष्टींमुळे, माझ्या ओळींमुळे नाही. हे लक्षात आलं आणि बरं वाटलं.

जावास्क्रिप्टच्या व्याकरणात एका ओळीची कॉमेंट, अनेक ओळींचा साधा ब्लॉक आणि फंक्शनची माहिती देणारा डॉक्युमेंटेशनचा ब्लॉक यांना वेगवेगळे स्कोप, म्हणजे एडिटर ज्यांवरून रंग देतो ती नावं, आहेत. म्हणून पहिली आणि तिसरी उजळ ठेवली. लायसन्स बहुतेकदा साध्या ब्लॉकमध्ये असतं, त्याला जुनाच करडा दिला. बंद केलेला कोड बऱ्याचदा एकेक ओळीनंच बंद केलेला असतो, त्यामुळे आता तो ठसठशीत दिसतो. तो काढूनच टाकायला हवा. जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या गिटमध्ये तो आहेच की.

कोडमध्ये काय काढलं, काय घातलं ते दाखवणाऱ्या डिफच्या लाल-हिरव्याला मात्र अजून हात लावलेला नाही. आमच्या ऑफिसातल्या श्वेताला ते दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत. बोलून दाखवत नाही ती, डाव्या कडेच्या अधिक-उण्याच्या खुणा बघून काम चालवते. उद्या तिला शेजारी बसवून निळा आणि नारिंगी लावून बघणार आहे. स्ट्रिंगचा हिरवाही तिच्या डोळ्यांनीच ठरवायचा.