चाळीस कार्डं आणि एक पारदर्शक ठसा

“आभाराची कार्डं मी हातानेच करते की,” असं बोलून गेले तेव्हा माझ्याकडे एकही ठसा नव्हता. कार्डं चाळीस, हातात तीन आठवडे, आणि चित्रकलेच्या नावाने आनंदच. ठसा शाईवर टेकवायचा आणि कागदावर उठवायचा, त्यात शिकण्यासारखं ते काय, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या संध्याकाळीच गेली.

पारदर्शक ठसेच घ्यायचे हे मात्र आधीपासून पक्कं होतं. लाकडाच्या मुठीवरचा रबरी ठसा कागदावर नेमका कुठे बसणार हे अंदाजानेच ठरवावं लागतं. क्लिअर स्टॅम्पला, म्हणजे पारदर्शक ठशाला, स्वतःची मूठ नसते. तो अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्याला आपल्याआपण चिकटतो आणि काम झालं की सोलून परत त्याच्या प्लॅस्टिकच्या शीटवर ठेवता येतो. ठोकळ्यातून खालचा कागद दिसतो, त्यामुळे फूल कुठे आणि शब्द कुठे हे डोळ्यांसमोर राहतं. शिवाय वरून पाहताना अक्षरं सुलटी वाचता येतात, कारण कोरलेली उलटी बाजू खाली असते. माझ्यासारख्या घाईच्या माणसाला हे वरदानच वाटलं.

मग जे सगळे नवशिके करतात तेच मी केलं. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त संच मागवला. एका शीटवर पानं, फुलं, पक्षी, शुभेच्छा, काय नाही ते सगळं. पाकीट उघडताच प्लॅस्टिकचा उग्र वास आला, पण नवीन वस्तूला वास असतोच म्हणून सोडून दिलं. फुलाचा ठसा ठोकळ्यावर लावला, शाई लावली, कागदावर दाबला. उमटलं ते फूल नव्हतंच. पाकळ्यांच्या जागी ठिपके आणि मध्ये मोठाली कोरी भोकं. ठसा उलटा करून पाहिला तर शाई अळवावरच्या पाण्यासारखी थेंब थेंब होऊन बसलेली.

मला वाटलं, कमी दाबलं. जास्त दाबलं तर कोरी भोकं तशीच, आणि वर कडेच्या रेषा फुगून जाड झालेल्या. मग वाटलं, शाईच वाईट. दुसरं इंकपॅड आणलं. तेच. दोन संध्याकाळी आणि कागदाचा एक गठ्ठा घालवल्यावर कुठे डोक्यात आलं की दोष हाताचा नाही, शाईचाही नाही. ठसा कशाचा बनवलाय हे मी विचारलंच नव्हतं.

‘पारदर्शक’ हे फक्त दिसण्याचं वर्णन आहे, पदार्थाचं नाव नाही. या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. चांगले क्लिअर स्टॅम्प फोटोपॉलिमरचे असतात. मूळ पदार्थ मधासारखं दाट, द्रवरूप रेझिन असतं. त्यावर चित्राची निगेटिव्ह ठेवून अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश जिथे पोचतो तिथलं रेझिन घट्ट होतं, जिथे पोचत नाही तिथलं द्रवच राहतं आणि धुऊन काढलं जातं. म्हणून केसासारख्या बारीक रेषाही त्यात स्पष्ट येतात, आणि शाई पृष्ठभागावर सारखी पसरते. स्वस्त संच बहुधा सिलिकोनचे किंवा दुसऱ्या कुठल्या मऊ प्लॅस्टिकचे असतात. सिलिकोनला काहीच धड चिकटत नाही, हा त्याचा गुणच आहे, मग शाई तरी कशी टिकणार?

दुसऱ्या खरेदीत मी छोटा संच घेतला. एक फूल, दोन पानं, एक ‘मनःपूर्वक आभार’, बस. पाकिटावर ‘फोटोपॉलिमर’ हा शब्द आहे का ते आधी पाहिलं. मग शीट उजेडात तिरकी धरली. रेषांच्या मधली जागा खोल हवी, नाहीतर तिथेही शाई लागते आणि कागदावर डाग पडतात. आत हवेचे बुडबुडे नकोत. ठशाची कड चित्राच्या जवळून कापलेली हवी, कारण भोवती मोठा पदर राहिला तर त्याची कड हमखास शाई उचलते. हे सगळं पाहताना एक गोष्ट ध्यानात आली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. माझ्या पहिल्या संचातलं एक फूल दुसरीकडे एका चित्रकर्तीच्या मूळ संचात होतं, तेच वळण, तेच मुडपलेलं पान, फक्त रेषा नाजूक आणि स्वच्छ. म्हणजे मी नक्कल विकत घेतली होती. ठशावरचं चित्र कुणीतरी काढलेलं असतं आणि त्यावर त्याचा हक्क असतो, हे तोवर मनातही आलं नव्हतं. माझी कार्डं विकायची नव्हती. पण ज्यांना विकायची असतात त्यांनी ठसा बनवणाऱ्या कंपनीची ‘एंजल पॉलिसी’ वाचावी. हाताने उमटवलेल्या वस्तू विकायला परवानगी आहे का आणि कुठल्या अटींवर, ते त्यात लिहिलेलं असतं. छापखान्यातून प्रती काढून विकायला बहुतेक जण नाहीच म्हणतात.

नव्या ठशाचं पहिलं उमटणंही डागाळलेलंच आलं, तेव्हा मात्र रडूच यायचं बाकी राहिलं. पण यावेळी कारण साधं होतं. कारखान्यातून आलेल्या ठशावर एक पातळ, तेलकट थर असतो. साध्या पांढऱ्या खोडरबराने ठशाची वरची बाजू हलक्या हाताने घासली, तुकडे झटकले, दोनचार वेळा रद्दी कागदावर उमटवलं. पाचव्या वेळेला फूल अखंड आलं. काही जण बारीक पॉलिश पेपरने घासतात. मला ते धाडसाचं वाटतं, कारण नाजूक रेषा एकदा झिजल्या की झिजल्या.

आता दाबण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी निम्मी कार्डं तिथेच वाया गेली. रबरी ठशाची सवय असलेला माणूस अंगातला सगळा जोर लावतो. फोटोपॉलिमर मऊ असतं, जोर लावला की रेषा आडव्या पसरतात आणि ‘र’चा ‘स’ झाला की काय असं वाटतं. शाई लावतानाही ठसा पॅडवर घासायचा नसतो. ठसा वर तोंड करून टेबलावर ठेवायचा आणि पॅडच हातात घेऊन त्यावर टप टप टेकवायचं. मोठ्या ठशाला तर हाच उपाय. मग ठोकळा सरळ खाली, दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाब, तीन मोजायचे, सरळ वर. डोलवायचा नाही. डोलवलं की एका कडेला सावली येते.

तरीही मध्ये फिकं, कडेला गडद असं होतच होतं. शेवटी कळलं, माझं टेबलच सपाट नव्हतं. डोळ्याला दिसणारही नाही इतका खड्डा. कार्डाखाली एक पातळ फोम शीट घातली आणि फरक लगेच दिसला. जुना माउसपॅडसुद्धा चालतो, फक्त त्याची पाठची रबरी बाजू वर करून घ्यायची. कडक टेबलावर मऊ ठसा कुठेतरी अधांतरी राहतो, खालून थोडी लवचिक साथ मिळाली की सगळीकडे टेकतो. कागदाचंही तसंच. जलरंगाच्या खरबरीत कागदावर बारीक अक्षरं उमटवायचा हट्ट मी दोन दिवस धरला आणि सोडला. गुळगुळीत, २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कार्डाचा कागद, घेतल्यावर शब्द वाचता यायला लागले.

शायांचा गोंधळ मी फार लांबवत नाही. डाय शाई पातळ, लवकर वाळणारी. पिग्मेंट शाई दाट, रंग झकास, पण वाळायला वेळ घेते, चकचकीत कागदावर तर तासन्‌तास ओलीच. मला फुलं अल्कोहोल मार्करने रंगवायची होती, म्हणून मार्करखाली न पसरणारी ‘मेमेंटो’ची काळी डाय शाई घेतली आणि ती चालली. सोनेरी शब्दांसाठी ‘व्हर्सामार्क’सारखी चिकट, रंगहीन शाई लागते. तिच्यावर एम्बॉसिंग पावडर, म्हणजे तापवली की वितळून उठावदार होणारी भुकटी, भुरभुरवायची, जादाची झटकायची आणि हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, वितळवायची. आधी अँटी-स्टॅटिक पावडरची, म्हणजे कण नको तिथे चिकटू न देणाऱ्या भुकटीची, पुरचुंडी कागदावर फिरवली नाही तर सोनेरी कण जिथे नको तिथे चिकटतात. सहा कार्डांवर चांदण्या पडल्या त्या याच कारणाने. त्या मी तशाच ठेवल्या आणि मुद्दामच केल्या असं सांगितलं.

शब्द सरळ बसवणं हे वेगळंच दुखणं. शब्दांचा ठसा बारीक पट्टीसारखा असतो. शीटवरून सोलताना जरा ताणला जातो आणि ठोकळ्यावर सापासारखा वळतो. देवनागरीत तर शिरोरेघ लगेच चहाडी करते. रेघा आखलेला ठोकळा घेतला, शब्दाचं एक टोक रेघेवर टेकवलं आणि बाकीचा न ताणता नुसता पडू दिला, तेव्हा जमलं. 

बाराव्या कार्डाला मी हार मानली आणि स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म मागून आणला. बिजागरीचं पारदर्शक झाकण असलेला हा एक सपाट डबा. कागद तळाशी चुंबकांनी धरून ठेवायचा, ठसा कागदावर हवा तिथे पालथा ठेवायचा, झाकण लावलं की तो झाकणाला चिकटतो. त्यानंतर उघडायचं, शाई लावायची, मिटायचं. ठसा फिका आला तर कागद न हलवता पुन्हा शाई लावून त्याच जागी बरोब्बर दुसऱ्यांदा उमटवता येतो. ही एक सोय सगळ्या कसबाला भारी आहे. तेरा ते चाळीस एका रविवारात झाली. बारा कार्डांना मात्र नऊ दिवस लागले होते, हेही सांगून टाकते. पहिल्यापासूनच का नाही आणला? कारण मला वाटत होतं, ती फसवणूक आहे. आता नाही वाटत.

खरी शिक्षा नंतर झाली, ठसे सांभाळताना. एका प्लॅस्टिकच्या वेष्टनावर उमटवायला मी सॉल्व्हंट शाई, म्हणजे प्लॅस्टिकवरही पक्की बसणारी शाई, वापरली. ती साबणाने निघेना, म्हणून घरात होतं ते तीव्र क्लीनर चोळलं. डाग गेला, पण पानाचा ठसा चिकट झाला आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या कडा वळल्या. फोटोपॉलिमरला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ टूथब्रश एवढंच पुरतं. उमटवून झालं की लगेच ओल्या कापडावर टेकवायचा. बेबी वाइप्स चालतात, पण तेल किंवा लोशन असलेले नकोत, त्याचा थर बसला की शाई पुन्हा थेंबाळते. काळ्या शाईने ठसा करडा पडला म्हणून घाबरायचं कारण नाही. डाग राहतो, उमटणं बिघडत नाही. मी एका करड्या ठशावर उगाच अर्धा तास घासत बसले होते.

ठोकळ्याला चिकटेनासा झालेला ठसाही मेला असं समजू नये. त्याच्या पाठीवर धूळ, कागदाचा भुसा, एखादा केस बसलेला असतो. साबणाने दोन्ही बाजू धुऊन, न पुसता हवेवर वाळू दिला की चिकटपणा परत येतो. टॉवेलने पुसला तर टॉवेलचे धागे बसतात, ते मी करून पाहिलंय. ठोकळाही धुवावा, तो विसरला जातो.

उन्हाची गोष्ट मला फार उशिरा उमगली. धुतलेले ठसे खिडकीत वाळत ठेवायची मी सवय लावून घेतली होती. महिनाभरात ते पिवळसर झाले. थोडा पिवळेपणा वयाने येतोच, त्याने काही बिघडत नाही. पण ज्या अतिनील प्रकाशाने रेझिन घट्ट केलं, त्याचंच काम ऊन पुढे चालू ठेवतं आणि ठसा हळूहळू कडक, ठिसूळ होतो. आता ते त्यांच्या मूळ शीटवर, पाकिटात, कपाटाच्या अंधाऱ्या कप्प्यात उभे असतात. शीटवर छापलेलं चित्र आणि ठसा जुळवून ठेवायचा, म्हणजे एखादा हरवला तर रिकामी जागा लगेच दिसते. ठसे एकमेकांवर ठेवले तर चिकटून बसतात, आणि हीट गन त्यांच्या आसपासही नको.

खिडकीतून उचललेल्या त्या फुलाचा देठ एक दिवस माझ्या हातात राहिला. मी घाईत त्याला बारीक देठाला धरून सोललं होतं. नेहमी जाड भागापासून, फुलाच्या बाजूने सोलायला हवं. गोंद लावून पाहिला, त्याने काही भलं झालं नाही. मग फूल ठोकळ्यावर ठेवलं आणि देठ त्याच्या खाली, टोकाला टोक भिडवून. जोड जवळून पाहिला तरच दिसतो. एक्केचाळिसाव्या कार्डावर मी देठ जरा तिरका लावला, फूल वाऱ्याने वाकल्यासारखं. ते कार्ड अजून कुणाला दिलेलं नाही, माझ्याच टेबलावर उभं आहे.