तीन मराठी शब्द

न्यायालयाच्या कागदांचं इंग्रजीतून मराठी करणं हे माझं रोजचं काम. बहुतेक वेळा खरेदीखतं, वाटण्या, अपिलांचे निकाल. त्या दिवशी मात्र गांधीहत्या खटल्याच्या निकालपत्राची काही पानं माझ्यासमोर होती. लाल किल्ल्यातलं विशेष न्यायालय, न्यायाधीश आत्माचरण, तारीख १० फेब्रुवारी १९४९. फिर्यादी पक्षाचे १४९ साक्षीदार.

सकाळभर काम सरळ चाललं होतं. दिगंबर बडगे, पुण्यातला शस्त्रविक्रेता, माफीचा साक्षीदार झालेला, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी. त्याची हकिगत अशी, की १७ जानेवारी १९४८ला नथुराम गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे दादरच्या सावरकर सदनात माडीवर गेले, तो स्वतः खालीच थांबला. पाच-दहा मिनिटांनी दोघे उतरले, मागोमाग सावरकर आले आणि म्हणाले... इथे इंग्रजी मजकूर मध्येच मराठी झाला होता. रोमन अक्षरांत, पण मराठीच. 'यशस्वी होऊन या.'

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत मूळ मराठी वाक्य असं समोर आलं नव्हतं. पुढे इंग्रजी अर्थ दिलेला होता, पण त्या अर्थाने मराठी माणसाच्या कानाचं भागत नाही. परीक्षेला निघालेल्या मुलाला आपण हेच म्हणतो. मुलाखतीला, शस्त्रक्रियेला जाणाऱ्यालाही म्हणतो. उंबरठ्यावरचे शब्द आहेत हे. कोणत्या कामात यशस्वी, ते त्या शब्दांत नसतं. ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, आणि तेच तर न्यायालयात सिद्ध करायचं होतं.

आत्माचरण यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. माडीवर काय बोलणं झालं याचा पुरावा नाही, मग हे उद्गार हत्येच्या कटाबद्दलच होते असं कशावरून धरायचं? तेव्हाच्या कायद्याने माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या जबानीवरही शिक्षा होऊ शकत होती, पण महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र दुजोरा असल्याशिवाय तिच्यावर विसंबायचं नाही हा जुना संकेत. बडगेला जिथे दुजोरा मिळाला, तिथे त्याच न्यायाधीशांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. इथे तो मिळाला नाही आणि सावरकर निर्दोष सुटले. गांधीहत्येच्या कटाची पुढे चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या १९६९च्या अहवालाने वेगळा निष्कर्ष काढला, हे मला माहीत आहे. पण आयोगाने पाहिलेलं सगळं या न्यायालयापुढे आलेलं नव्हतं. समोरच्या पुराव्यावर तो निकाल बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे. राष्ट्रपित्याचा खून झालेला, देश संतापलेला, आणि अशा वेळी एका माणसाने दुजोरा मागितला. मला त्याचा आदर वाटतो.

संध्याकाळी शंकर किष्टय्याचं पान आलं. बडगेचा नोकर. २० जानेवारीला, गांधीजी राहत होते त्या बिर्ला भवनातल्या हल्ल्यासाठी, बडगेने त्याला सांगितलेलं: मी ज्याच्यावर गोळी झाडेन, त्याच्यावर तूही झाड. ऐन वेळी बडगेच कचरला आणि शंकरलाही त्याने थांबवलं. खटला इंग्रजीत नोंदवला जात होता. शंकरसाठी तो तेलुगूत सांगावा लागे, म्हणजे माझ्यासारखंच कुणीतरी तिथे उभं होतं. कटात तो सामील होता की फक्त धन्याचा हुकूम पाळत होता? आत्माचरण यांनी जन्मठेप दिली आणि ती सात वर्षांवर आणावी अशी शिफारसही केली. जून १९४९मध्ये सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने त्याला सोडलं.

'कट' या शब्दावर मी बराच वेळ अडले. मराठीत कट शिजतो, रचला जातो, आणि त्यात आपण सगळ्यांनाच सहज ओढतो. कायद्याला मात्र प्रत्येकाचा होकार दाखवावा लागतो. शेवटी 'कटात सामील होता' असं लिहिलेलं खोडून मी 'कटाला त्याची संमती होती' असं केलं. वाक्य बोजड झालं, पण तसंच ठेवलं.

'यशस्वी होऊन या'ला हात लावला नाही. समासात एवढीच टीप दिली: मूळ मराठी.