आमची वाटचाल: खडूच्या भिंतीपासून सोमवारच्या कागदापर्यंत

२००९ साली लातूर एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि दोन पोरं एवढ्यावर आम्ही धंदा सुरू केला. खिडक्यांचे ग्रिल, शटर, गेट. कुणाचं काम कधी द्यायचं ते भिंतीवर खडूनं लिहायचं आणि माल गेला की ओल्या फडक्यानं पुसायचं. ती पद्धत वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन.

पुढं सोयाबीन वाढलं तशी गोदामं वाढली. डाळमिलवाले, बियाणेवाले, सगळ्यांना रास सुरू व्हायच्या आत शेड उभं पाहिजे. ग्रिल मागं पडले आणि आम्ही शेडमध्ये शिरलो. आमच्या भागात गिऱ्हाईक पत्र्याच्या आधी पायाचं विचारतं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिलेली माणसं आहेत ही. बोल्ट किती खोल आहेत ते स्वतः वाकून बघतात.

औसा, उदगीर, अहमदपूर, निलंगा अशा चार साईट एकदम चालू झाल्या आणि भिंत पुरेना. पुतण्या इंजिनीअर होऊन आला होता. त्यानं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. एका कामामागं दुसरं काम बांधून ठेवता येतं. काँक्रीट लांबलं की इरेक्शनची, म्हणजे सांगाडा उभा करायची, तारीख आपोआप सरकते, हे मला लई आवडलं. पण लायसन्स एकच घेतलं होतं. ते पुतण्याच्या कॉम्प्युटरवर, आणि मी, हिशेब बघणाऱ्या ताई, साईटवरचे मिस्त्री मामा असे सगळे त्याच्या खुर्चीमागं उभे. म्हणून ठरलं की आठवड्याला त्यातून माहिती एक्सेलमध्ये काढायची आणि सगळ्यांना दिसेल असा एक पानाचा डॅशबोर्ड करायचा. एक्सेल प्रत्येकाच्या मोबाईलवर उघडतं.

पहिल्या आवृत्तीत लाल, पिवळे, हिरवे गोळे होते. वर मोठ्या अक्षरात टक्के. औशाच्या शेडसमोर ७५ टक्के आले तेव्हा मी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलंसुद्धा. दुपारी साईटवर गेलो तर नुसते बोल्ट डोकं वर काढून उभे.

झालं होतं असं. कामाच्या १२ ओळी, त्यातल्या ९ पूर्ण. १२ पैकी ९ म्हणजे ७५. पण त्या नऊ ओळी म्हणजे ड्रॉइंग, आखणी, खोदकाम, टेम्प्लेट, काँक्रीट अशी बारकी कामं, सगळी मिळून २० दिवसांची. उरलेल्या तीन ओळी म्हणजे इरेक्शन, पर्लिन-पत्रा (छताच्या आडव्या पट्ट्या आणि त्यावरचा पत्रा) आणि गटर-रिज (पन्हळ आणि माथ्याची पट्टी). त्यांचे ३० दिवस. दिवसांचं वजन धरलं तर ५० पैकी २०, म्हणजे ४० टक्के. गंमत पुढं आहे. प्रोजेक्टच्या मूळ फाईलमध्ये वरच्या गोषवाऱ्याच्या ओळीत ४०च लिहिलेले होते, कारण ते सॉफ्टवेअर दिवसांवरूनच हिशेब करतं. दोनदा बेरीज नको म्हणून आम्ही नेमकी तीच ओळ गाळली आणि खाली आपली साधी सरासरी काढत बसलो. आता समप्रॉडक्ट वापरतो, म्हणजे प्रत्येक ओळीचे टक्के तिच्या दिवसांनी गुणून बेरीज करणारं एक्सेलचं सूत्र. त्याआधी 'डेज' हा शब्द काढून टाकावा लागतो, कारण कालावधी '14 डेज' असा मजकूर होऊन येतो आणि मजकुराची बेरीज होत नाही.

तारखांनी तर मामांचा आणि माझा अबोला घडवला. मे महिन्यात एके दिवशी उदगीरचं काम लालभडक. संपायची तारीख ६ मे, आज २० मे. मी फोन लावला आणि "मामा, काय करलालाव तिकडं?" पासून जे सुरू केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामा शांतपणे म्हणाले, "शेठ, पाच जून बोललो होतो आपण." खरंच पाच जून होती. ताईंच्या कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन, महिना आधी. 05/06 चा त्यानं ६ मे केला. १३ तारखेपासून पुढच्या तारखा त्याला उलट्या वाचता येईनात, म्हणून त्या मजकूरच राहिल्या आणि रकान्यात डावीकडं चिकटून बसल्या. खऱ्या तारखा उजवीकडं, खोट्या डावीकडं, नीट बघितलं तर दिसत होतं. वाईट हे की एक्सेल तुलना करतं तेव्हा मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो, आणि तारीख त्याच्या लेखी आकडाच. त्यामुळं डावीकडची कामं कितीही रखडली तरी लाल होत नव्हती. उशीर नसलेलं काम लाल, उशीर झालेलं हिरवं, आणि मी त्यावर ओरडत होतो.

शेऱ्यांचा घोळ थोडक्यात सांगतो. ताई ओळीसमोर कारण लिहायच्या. पुतण्यानं मध्ये एक ओळ घातली की पुढचे सगळे आयडी सरकायचे आणि 'पत्रा ट्रान्सपोर्टला अडकला' हा शेरा खोदकामासमोर जाऊन बसायचा. प्रोजेक्टमध्ये युनिक आयडी वेगळा असतो, तो ओळ हलली तरी बदलत नाही. आता शेरे वेगळ्या शीटवर त्याच्यावर बांधलेत.

एक कबुली राहिलीच. कामाआधी बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला ठरलेल्या तारखांची प्रत, जतन केली तरच किती दिवस मागं पडलो ते कळतं, नाहीतर बेसलाइनच्या तारखेच्या रकान्यात नुसतं एनए येतं. निलंग्याचं काम १८ दिवस मागं गेलं तेव्हा मी पुतण्याला बेसलाइन नव्यानं जतन करायला लावली. उशीर शून्य! आठ दिवस बरं वाटलं. मग पैशाच्या हप्त्याची बोलणी निघाली आणि गिऱ्हाइकानं करारावरची तारीख पुढं ठेवली. आता बेसलाइनला हात लावायचा तर गिऱ्हाइकाची लेखी मान्यता लागते, आणि हा नियम मुख्यतः माझ्यासाठी आहे.

गोळे आम्ही काढून टाकले. सोमवारी निघणाऱ्या कागदावर प्रत्येक साईटला चारच रकाने: कबूल केलेली तारीख, आजच्या घडीला दिसणारी तारीख, मधले दिवस, आणि 'कशामुळं थांबलं'. चौथा रकाना मामा पेन्सिलनं भरतात, ताई तो टाईप करतात. 'हायड्रा नाही' (हायड्रा म्हणजे क्रेन), 'माणसं राशीला गेली', 'ड्रॉइंगवर सही नाही'. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

माणसांवरून आठवलं. ११ जानेवारी २०२४ ला औशाला हायड्रा सांगितला होता. सॉफ्टवेअरच्या हिशेबानं तो गुरुवार, म्हणजे कामाचा दिवस. प्रत्यक्षात वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण. लातूर रिकामं होऊन शेतात गेलेलं, फिटर शेतात, हायड्राचा ड्रायव्हर शेतात. मी स्वतः आंब्याखाली भज्जी आणि बाजरीचे उंडे खात बसलो होतो आणि पुतण्या फोनवर विचारत होता, "काका, साईटवर कुणीच कसं नाही?" त्याच वर्षी ती पुन्हा ३० डिसेंबरला आली, त्यामुळं तारीख एकदा भरून भागत नाही. दिवाळीत नवीन कॅलेंडर आलं की मामा ते घेऊन ऑफिसात येतात, मार्गशीर्षाचं पान काढून बोट ठेवतात, आणि पुतण्यानं ती सुट्टी फाईलमध्ये घातलेली डोळ्यानं बघितल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत.