78 नाही, 79! खापरपणजोबांच्या शोधात तालुक्याच्या चार चकरा आणि नाशिक

शनिवारी परत आलो, अंग अजून धुळीने खाजतंय, पण आत्ताच लिहून टाकतो म्हणजे कुणाचे तरी पैसे वाचतील.

आमच्या देवघरातल्या पेटीत मोडीतली (जुन्या मराठी कागदांची लिपी) एक चिठ्ठी होती. खापरपणजोबा वारले माघ वद्य 8, शके 1818. घरात मात्र पिढ्यान् पिढ्या सांगत आले की मुंबईला गिरणीच्या पट्ट्यात सापडून गेले. एका मोडीवाचकाला गाठलं. पानाला 300 रुपये. चिठ्ठीसोबत जमाखर्चाची वही होती ती पण त्याने वाचायला लावली, एकूण 22 पानं, 6600 रुपये!! वहीत काय, तर तूर आणि उसनवारी. आणि एवढं करून इंग्रजी साल काढायला शकात 78 मिळवून ठोकून दिलं, साल 1896.

त्या 1896 पायी मी तालुक्याला तीन चकरा मारल्या. रेकॉर्ड रूम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या रुमालात बांधलेल्या, गाठ सोडली की धुळीचा लोट. फेब्रुवारी 1896 पान न पान बघितला, काही नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई पण म्हणाला, साहेब घरी जा आता.

मधे नाशिकला जाऊन आलो. रामकुंडावर गाव आणि आडनाव सांगत विचारत गेलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं, त्यांच्या नामावलीत (यजमान घराण्यांच्या वहीत) पाच पिढ्या निघाल्या, दक्षिणा आपल्या मर्जीने, छान झालं सगळं. पण खरं काम गुरुजींनी चहा पिता पिता केलं. चिठ्ठी बघून म्हणाले, माघ ना? मग 79 मिळवा की! शक बदलतो पाडव्याला, माघ येतो इंग्रजी वर्ष बदलल्यावर. म्हणजे फेब्रुवारी 1897. डोक्यात गेलं एकदम. हे फुकट कळलं बरं का.

तर जाणाऱ्यांनो, आधी नाशिक, मग तालुका, उलटं करू नका. एन-95 मास्क न्याच, रुमाल बांधून भागत नाही. अर्ज आदल्या दिवशी देऊन ठेवा. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत त्यामुळे पहिले दोन दिवस नुसता गुंता दिसतो, पण आकडे जवळपास देवनागरीच आहेत, महिने आणि 'बिन' ओळखता आलं की नोंद सापडते. (अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा, मला आधी भलतंच वाटलं होतं.) पूर्ण वाचन फक्त सापडलेल्या पानाचं करून घ्या, वहीच्या वही कुणाच्या हातात देऊ नका.

चौथ्या चकरेत वीस मिनिटांत सापडले. वय 40, मरणाचं कारण 'ताप', खाली ओळीने ताप, ताप, ताप. मुंबईत प्लेग सप्टेंबर 1896 लाच उघडकीला आला होता आणि माणसं मिळेल त्या वाटेने गावाकडे पळत होती, हेही तसेच आले असतील, पण कागदावर 'ताप' आहे तर मी प्लेग म्हणणार नाही. गिरणीचा पट्टा मात्र खोटा, माणूस गावातच गेला.

पान मिटायला घेतलं तर चार ओळी खाली परत आमचंच आडनाव. वय 3. नावाच्या जागी नुसतं 'मुलगा'. याचं घरात कधी कुणी काही बोललेलं नाही. त्याचीही नक्कल मागितली, कारकून म्हणाला वेगळा अर्ज लागेल, दिला.