शेवटच्या भागातली नावे

९ डिसेंबर

आज खुकरीचा दिवस. १९७१ साली याच रात्री दीवपासून साधारण चाळीस सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. पाणी तेच, हाच अरबी समुद्र. इकडे आज तो तळ्यासारखा पडून आहे आणि आंब्याला मोहोर फुटतो की नाही याचीच सगळ्यांना काळजी.

त्याच १९७१ च्या मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली होती. मतदानाचे वय तेव्हा २१ होते. म्हणजे त्या लढाईत जी अठरा-एकोणीस वर्षांची पोरे बोटींवर होती, त्यांना त्या वर्षी मतच नव्हते. बुडायला वय पुरे, शिक्का मारायला अपुरे. ते वय १८ वर आले ६१ व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून.

१० डिसेंबर

कोकणात काही गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी दिसते. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेत. मजकूर सगळीकडे एकाच साच्याचा, इंग्रजीत: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकाचेही नाही. बहुतेक पाट्यांवर चुना फासलेला असतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरते.

ती माणसे गेली तेव्हा त्यांना मत नव्हते. जे परत आले त्यांना मिळाले, पण कसे ते पाहण्यासारखे आहे. १९१९ च्या भारत सरकार कायद्याखालच्या नियमांत मताधिकार शेतसारा आणि कर भरणाऱ्यांना होता; त्याला जोडून निवृत्त, पेन्शनर आणि फौजेतून सुटलेल्या शिपायालाही मतदार धरले. १९३५ च्या कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात आणखी एक ओळ आली: शिपायाची पेन्शन घेणारी विधवा किंवा आई मतदार होऊ शकते. म्हणजे एखाद्या वाडीत न शिकलेली, जमीन नसलेली बाई केवळ मुलगा लढाईत गेला म्हणून मतदार. शेजारची, जिचा मुलगा शेतात राबतो, ती नाही. मत हे पेन्शनीसारखे बक्षीस होते.

घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत देऊन ती भानगड मिटवली. कोणी काय दिले, कोणाचे कोण गेले, हे आता कोणी विचारत नाही. म्हणून ‘शहिदांनी आपल्याला मताचा हक्क दिला’ असे व्यासपीठावरून ऐकले की जरा खटकते. उलट आहे ते. त्यांच्या घरच्यांना ज्या अटीवर मत मिळत होते, ती अटच आपल्याला राहिलेली नाही.

१२ डिसेंबर

भाषणे करणाऱ्यांनी एकदा सैनिकाचे मत कसे पडते ते बघावे. आज सगळे क्रमाने लिहून ठेवतो, कारण दर निवडणुकीला हेच प्रश्न नव्याने येतात.

लष्कर, नौदल, हवाई दल, सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ वगैरेंतल्या माणसाला ‘सेवा मतदार’ म्हणून गावच्या मतदारसंघात नाव घालता येते. त्याचा फॉर्म नंबर दोन. तो युनिटमधून रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. नौसैनिकांचे रेकॉर्ड मुंबईला ब्युरो ऑफ सेलर्सकडे. फॉर्मसोबत आपले नाव साध्या यादीत कुठेही नाही असे लिहून द्यावे लागते. पहिली चूक इथेच होते. भरतीच्या आधी गावात नाव घातलेले असते, ते कोणी काढत नाही, आणि दोन ठिकाणी नाव आले की पुढे एक तरी कापले जाते. आधी फॉर्म सात भरून गावातले नाव काढा.

सेवा मतदारांची नावे यादीच्या शेवटच्या भागात वेगळी छापतात. गावातल्या केंद्रावर जी यादी असते तिच्यात ती नसतात. त्यामुळे नेमका सुट्टीवर आलेला जवान हौसेने केंद्रावर जातो आणि परत येतो. तिथल्या अधिकाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. सेवा मतदाराने स्वतः द्यायचे मत टपालानेच.

२०१६ पासून मतपत्रिका पोस्टाने जात नाही, संगणकावरून जाते. युनिटमध्ये ती पासवर्ड टाकून उतरवून छापायची. परत मात्र कागदच पाठवायचा, आणि खरी गंमत त्या कागदात आहे. मतपत्रिकेवर एकाच उमेदवारासमोर खूण करायची आणि ती आतल्या, लहान पाकिटात घालून बंद करायची. त्या पाकिटावर तेरा-बी हा छापील नमुना चिकटवायचा आणि मतपत्रिकेचा क्रमांक लिहायचा. तेरा-ए हे घोषणापत्र. त्यावर स्वतःची सही आणि युनिटच्या किंवा जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरने नेमलेल्या अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही. मग लहान पाकीट आणि तेरा-ए दोन्ही मोठ्या पाकिटात, त्यावर तेरा-सी. तिकीट लावायचे नाही, टपालखर्च सरकारचा.

मतमोजणीच्या टेबलावर आधी बाहेरच्या पाकिटाचा क्यूआर कोड वाचतात, मग आतला. तेरा-ए नसेल, सही नसेल, साक्षांकन नसेल किंवा क्रमांक जुळत नसेल, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. ते तसेच बाद. तेरा-ए लहान पाकिटात घालून चिकटवणारे सर्वांत जास्त फसतात: घोषणापत्र आहे, सही आहे, पण ज्या पाकिटाचे तोंड उघडायचे की नाही हे त्या कागदावर ठरते, तो कागदच त्याच्या आत. दोन नावांसमोर खूण, मतपत्रिकेवर नाव किंवा सही, कोरी मतपत्रिका, याही बादच. क्यूआरवर चिकटपट्टी ओढली किंवा शाई फिकट आली तरी अडचण होते.

आणि वेळ. २०२४ च्या विधानसभेला उमेदवारी माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर होता, मोजणी २३ ला. उमेदवार पक्के झाल्याशिवाय मतपत्रिका बनत नाही, आणि पाकीट मोजणी सुरू होण्याआधी, म्हणजे सकाळी ८ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजे. मध्ये अठरा दिवस. लेहच्या पुढच्या एखाद्या चौकीतून रत्नागिरीला. आठनंतर आलेले पाकीट बंद ते बंद. विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मते पुन्हा तपासतात, हीच काय ती दुसरी संधी.

१३ डिसेंबर

सैन्यदलातल्यांना याला पर्याय आहे: प्रतिनिधी. फॉर्म तेरा-एफ. गावाकडच्या मतदारसंघात राहणारा, अठरा पूर्ण झालेला कोणीही नेमता येतो. जवानाने कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची आणि फॉर्म निर्णय अधिकाऱ्याकडे उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेआधी पोचवायचा. एकदा नेमला की रद्द करेपर्यंत चालतो. मुलाचे मत आईने यंत्रावर जाऊन द्यायचे, टपालाची धावपळ नाही. फारसे कोणी वापरत नाही. कारण माहितीच नसते.

प्रतिनिधीला शाई लावतात ती डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. स्वतःच्या मताची शाई तर्जनीला. आईच्या हाताकडे बघून कळते की पोरगा फौजेत आहे.

बोटीवर जाणाऱ्यांना मात्र यातले काहीच नाही. मर्चंट नेव्ही ही सेवा मतदारांच्या व्याख्येत बसत नाही. दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पण आजचा खलाशी निवडणुकीच्या दिवशी सिंगापूरला असला तर त्याचे मत गेले. नाव यादीतून जात नाही, कामासाठी तात्पुरते बाहेर असणे म्हणजे रहिवास सुटणे नव्हे. ‘बोटीवर गेलाय’ म्हणून कोणी नाव कापायला निघाले तर घरच्यांनी हरकत घ्यावी.

१४ डिसेंबर

चाकरमान्यांचे थोडक्यात. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येतात. घर गावात आहे म्हणून नाव गावात, हे चालत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे, केवळ घर मालकीचे असल्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. नाव दोन मतदारसंघांत ठेवता येत नाही, आणि खोटे लिहून दिल्यास वर्षभराची कैद होऊ शकते. शिमग्या-गणपतीला येणारा गावकरी असतो, मतदार असेलच असे नाही. हे लिहिले की लोक रागावतात, पण नाव डोंबिवलीला हलवायला फॉर्म आठ पुरतो.

उमेदवाराने मतदारांना फुकट वाहून आणणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. कायद्यात वाहनाबरोबर जलयानही आहे. मतदारांनी आपसात वर्गणी काढून भाड्याने घेतलेल्या साधनाला सूट आहे, पण ते यंत्रावर चालणारे नसेल तर. बैलगाडी चालेल, वल्ह्यांची होडी चालेल. ज्याने ते कलम लिहिले त्याने खाडी पाहिलेली असावी.

१६ डिसेंबर

विजय दिवस. सकाळी पुष्पचक्र, दोन मिनिटे शांतता, मग चहा-बिस्किटे. वीरपत्नीला पहिल्या रांगेत खुर्ची असते. तिचे नाव मतदारयादीत आहे का, हे कोणी विचारत नाही.

विचारायला हवे, कारण ते बहुधा गेलेले असते. सैनिकाच्या बरोबर राहणाऱ्या पत्नीला त्याच्याच फॉर्मवर सेवा मतदार म्हणून घालता येते. २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात ‘पत्नी’ असा शब्द होता, म्हणून महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला ती सोय नव्हती. आता ‘जोडीदार’ आहे. पण ही पात्रता जोडीदाराच्या नोकरीवर टांगलेली. तो गेला की शेवटच्या भागातले त्याचे नाव निघते आणि तिचेही. ती क्वार्टर सोडून सासरी किंवा माहेरी येते, तिला वाटते आपण मतदार आहोतच. केंद्रावर यादीत नाव सापडत नाही.

तिने फॉर्म सहा भरायचा, आता जिथे राहते तिथल्या पत्त्यावर. अर्ज बीएलओकडे, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तहसील कचेरीत किंवा मोबाईलवरून. जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा जोडायचा. पत्त्याला आधार किंवा बँकेचे पासबुक चालते, मात्र त्यावर नवा पत्ता हवा. युनिटच्या पत्त्याचे कागद जोडले की अर्ज अडकतो. पूर्वी फक्त १ जानेवारी ही अर्हता तारीख होती, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही आहेत, पण तो प्रश्न अठरा पूर्ण होणाऱ्यांचा. हिला वर्षभर कधीही भरता येतो. निवडणूक जाहीर झाल्यावर भरणार असेल तर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी, कारण हरकतींसाठी सात दिवस अर्ज बाहेर लावून ठेवावा लागतो. केंद्रावर ओळख म्हणून फोटो असलेले पेन्शनचे कागदही चालतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनचे काम करायला ती जातेच. त्याच फेरीत फॉर्म सहा भरून घ्यावा.