नॉर्म झाले, २५०० काही होईना

बुद्धिबळातले तीन नॉर्म, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत ठरावीक दर्जाचा खेळ केल्याचे दाखले, खिशात होते, तरी मी ग्रँडमास्टर नव्हतो. हे नातेवाइकांना समजावता समजावता नाकी नऊ आले. "सगळं झालं ना, मग अडलंय कुठे?" अडलं होतं रेटिंगवर. सगळे मिळून किमान २७ डावांचे नॉर्म तर लागतातच, शिवाय फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांचं, रेटिंगही एकदा २५०० ला टेकावं लागतं.

नॉर्मसाठी स्पर्धेत २६०० रेटिंगच्या तोडीची कामगिरी लागते. समोरच्यांच्या रेटिंगची सरासरी २३८० असेल, तर ९ पैकी ७ गुण. त्यातही ग्रँडमास्टर पुरेसे हवेत, इतर देशांचे खेळाडू हवेत. शेवटच्या नॉर्मला अखेरच्या फेरीत मला अर्धा गुण पुरत होता. काळी मोहरी, हत्तींचा एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, समोरच्याचं एक प्यादं जास्त. हत्ती सहाव्या ओळीत रोवून बसलो, त्याच्या राजाला पुढे येऊच दिलं नाही. प्यादं सहाव्या ओळीत शिरलं तसा हत्ती थेट पहिल्या ओळीत नेला आणि मागून शह सुरू केले. फिलिडोर या जुन्या बुद्धिबळपटूची ही बचावपद्धत लहानपणीच शिकलेली, पण प्रत्येक खेळीला वाढीव ३० सेकंदच मिळत असले की खेळी लिहितानाही हात थरथरतो. बरोबरी झाली.

रेटिंगचं गाडं मात्र २४८० च्या आसपास रुतलं. एकदा २४०० गाठलं की गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलणार ते ठरवणारा आकडा, कायमचा १०. आपल्यापेक्षा २०० ने खालच्या खेळाडूला हरवलं तर २.४ मिळतात, बरोबरी झाली तर २.६ जातात. आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या ओपन स्पर्धांत ती पोरं! कागदावर २२८०, खेळ बघाल तर २४५० चा. शेवटी ओपन कमी केल्या आणि बरोबरीच्या खेळाडूंच्या बंदिस्त स्पर्धा धरल्या. तिथे प्रवेश शुल्क जबर असतं. ते भरायला ऑनलाइन शिकवण्या घेतल्या, म्हणजे तयारीचा वेळ गेला. यावर तोडगा मला तरी सापडला नाही.

मग अशाच एका स्पर्धेच्या मध्यावर सलग दोन डाव जिंकलो आणि रेटिंगचा हिशेब २५००.८ वर आला. नियम असा की स्पर्धा चालू असताना २५०० झालं तरी धरतात, पुढचे निकाल आड येत नाहीत. मी लगेच मुख्य पंचांकडून तसं लिहून घेतलं. बरंच केलं म्हणायचं, कारण पुढचे दोन्ही डाव हरलो आणि फिडेच्या एक तारखेच्या रेटिंग यादीत २४९० सुद्धा उरले नव्हते. किताब तरीही मंजूर झाला.

आता काही आयोजक प्रवेश शुल्क घेत नाहीत, खोलीही देतात. शिकवण्या चालूच आहेत. निव्वळ बक्षिसांवर घर चालवणारे ग्रँडमास्टर फार थोडे, आणि त्यांत मी नाही.